हलका हिमवर्षाव मनाला का सुखावतो?

हिवाळा फार लांबला की थंडीपेक्षा एकसुरीपणाचाच जास्त वीट येतो. उजाडतं उशिरा, अंधारतं लवकर आणि रस्त्याच्या कडेला साचलेला जुना बर्फ धूळ-काजळीने काळपट झालेला असतो. मग एखाद्या दिवशी वारा पडतो, ढग खाली उतरतात आणि बर्फ भुरभुरायला लागतो. घरातली माणसं हातातलं काम ठेवून खिडकीशी येतात. ज्यांनी महिनाभर हिवाळ्याला नावं ठेवली तेही येतात.

या आनंदाला बरेच जण निव्वळ हळवेपणा समजतात. मला ते पटत नाही. हलका बर्फ पडत असताना भोवतालचा आवाज, उजेड आणि हवा खरोखरच बदलतात, उपकरणाने मोजता येतील इतक्या. यातले बरेचसे बदल काही तासांत ओसरतात. आपल्याला नेमकं काय सुखावतंय हे कळलं, तर माणूस खिडकीपाशी न थांबता वेळेत बाहेर पडेल. हा लेख त्यासाठी.

आधी ‘हलका’ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतल्या हवामान निरीक्षणांत हिमवर्षावाची तीव्रता किती दूरचं दिसतं यावरून ठरवतात. पडत्या बर्फातून साधारण ८०० मीटरच्या पलीकडचं दिसत असेल तर हिमवर्षाव हलका. ४०० मीटरपर्यंतचंच दिसलं तर तो जोराचा. वाऱ्याने उडणारा, डोळ्यांत घुसणारा, वाट बुजवणारा बर्फ हा वेगळाच विषय आहे आणि तो जिवावरही बेतू शकतो. इथे बोलायचं आहे ते सरळ, सावकाश उतरणाऱ्या बर्फाबद्दल.

हे सावकाश उतरणं हीच त्यातली पहिली मोठी गोष्ट. पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला ८-९ मीटर वेगाने येतो. त्याला आपण थेंब म्हणून पाहूच शकत नाही, डोळ्याला रेघ दिसते. हिमकण मात्र सेकंदाला साधारण एक मीटर एवढ्याच वेगाने उतरतो. त्याचं वजन नगण्य असतं आणि आकार पसरट, फांद्याफांद्यांचा असल्यामुळे हवा त्याला पदोपदी अडवते. दोन-अडीच किलोमीटर उंचीवरच्या ढगातून निघालेल्या कणाला जमिनीवर पोचायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. एक मीटरचा हा वेग डोळ्यांना झेपतो. एखादा कण निवडून तो टेकेपर्यंत त्याच्यामागे नजर नेता येते. पावसात हे जमत नाही.

पाहताना एक गंमत जरूर करून बघा. मान वर करून ढगाकडे पाहिलं तर पडणारे कण करडे, जवळजवळ काळे दिसतात. तेच कण खाली उतरून समोरच्या झाडांच्या किंवा काळसर भिंतीच्या पुढे आले की पांढरे होतात. कण तोच असतो. वर पाहताना त्याच्यामागे उजळ आकाश असतं आणि कण त्या उजेडाच्या आड येतो, म्हणून गडद दिसतो. खाली मागची बाजू गडद असते आणि कण स्वतःवर पडलेला उजेड आपल्याकडे फेकतो, म्हणून पांढरा दिसतो. हे एकदा लक्षात आलं की प्रत्येक हिमवर्षावात नजर आपोआप वर जाते.

पांढऱ्या रंगाचंही असंच आहे. बर्फाचा प्रत्येक कण खरं तर पारदर्शक असतो. अखंड काच आरपार दिसते आणि तिचा चुरा केला की पांढरा होतो, तोच प्रकार इथे घडतो. ताज्या बर्फात बर्फ आणि हवा यांचे असंख्य पृष्ठभाग असतात. प्रत्येक पृष्ठभागावर प्रकाश थोडा वळतो, थोडा परततो. सगळे रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात विखुरतात आणि एकत्र होऊन बाहेर येतात, म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. उघडी जमीन किंवा गवत जेमतेम पाव हिस्सा, डांबरी रस्ता तर त्याहूनही कितीतरी कमी.

याचा परिणाम काय होतो? उजेड एरवी फक्त वरून येतो, तो आता खालूनही यायला लागतो. झाडांच्या फांद्यांच्या खालच्या बाजू उजळतात, माणसांच्या चेहऱ्यावरच्या सावल्या पुसट होतात. घरातल्या छतावरही खिडकीतून आलेला फिका उजेड पसरतो. रात्री तर हे आणखी जाणवतं. वस्तीतल्या दिव्यांचा उजेड बर्फावरून वर जातो, खाली उतरलेल्या ढगांवर आपटून पुन्हा खाली येतो, पुन्हा वर जातो. चंद्र नसलेल्या रात्रीही पायवाट दिसते. हिवाळ्यात ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त टंचाई असते, ती म्हणजे उजेड, आणि ताजा बर्फ आहे तोच उजेड पुन्हा पुन्हा वापरायला देतो. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता आवाज. बर्फ पडायला लागल्यावर सगळं शांत झाल्यासारखं वाटतं, ते खरंच असतं. ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या थरात दहा भागांतले नऊ भाग हवा असू शकते. ही हवा एकमेकींना जोडलेल्या बारीक बारीक पोकळ्यांत असते. आवाज म्हणजे हवेची हालचाल. ती या पोकळ्यांत शिरते, कडांना घासते आणि तिची ऊर्जा तिथेच मुरते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंतींना सच्छिद्र आवरण लावतात त्यामागचं तत्त्वही हेच. त्यातही वरच्या पट्टीचे, टोचणारे आवाज जास्त शोषले जातात. टायरची सळसळ, भांड्यांचा खणखणाट, दूरची आरडाओरड आधी मावळते. खालच्या पट्टीतली घरघर थोडीफार उरते. शिवाय वाहनं कमी असतात, असतात तीही हळू चालतात आणि वारा पडलेला असतो. या सगळ्याची मिळून ती शांतता बनते.

पण ही शांतता फार टिकत नाही. हिमकणांची नाजूक टोकं बर्फ पडल्या क्षणापासून झिजायला लागतात. टोकांवरून पाण्याची वाफ सुटते आणि खोलगट जागी पुन्हा गोठते. फांद्या गळतात, कण गोलसर होतात, एकमेकांना चिकटतात आणि थर आपल्याच वजनाने बसतो. हवा कमी होते, पोकळ्या बुजतात. वर ऊन पडून किंवा वारा लागून कवच धरलं तर तोच बर्फ आवाज शोषायचं सोडून परतवायला लागतो. त्यात आकाश निरभ्र होऊन जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली, की वर जाणारे आवाज वाकून पुन्हा खाली येतात आणि लांबलांबचे आवाज कानाशी आल्यासारखे ऐकू येतात. म्हणजे एकाच आठवड्यातल्या दोन हिमाच्छादित दिवसांत एक कमालीचा शांत आणि दुसरा कमालीचा खणखणीत असू शकतो. शांतता हवी असेल तर बर्फ पडत असताना किंवा थांबल्यावर लगेचच्या तासांत बाहेर पडायला हवं. ‘उद्या निवांत जाऊ’ म्हटलं की ती गेली.

बर्फ पडतो त्या दिवशी थंडी जरा कमी वाटते, हेही अनेकांनी अनुभवलेलं असतं. हिवाळ्यातल्या सगळ्यात बोचऱ्या रात्री निरभ्र असतात, कारण जमिनीची उष्णता बेलाशक आकाशात निघून जाते. ढग आले की ते त्या उष्णतेतला बराच भाग परत खाली पाठवतात. बर्फ आणणारी हवा बहुतेकदा तुलनेने उबदार, दमट प्रदेशातून आलेली असते. शिवाय वाफेचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते, ती ढगातल्या हवेला मिळते. आणि वारा नसला की अंगाभोवतीचा उबदार हवेचा थर जागच्या जागी राहतो. शून्याखाली ५ अंशांची थंडी वारा असताना बोचते, वारा नसेल तर चांगल्या कपड्यांत तासभर सहज फिरता येतं.

कडाक्याच्या थंडीत बर्फ कमी पडतो यामागेही साधं कारण आहे. थंड हवेत वाफ फारशी मावत नाही. शून्य अंशाला जेवढी वाफ हवेत राहू शकते, तिच्या पाचव्या भागापेक्षाही कमी वाफ उणे २० अंशांच्या हवेत राहते. त्यामुळे मोठमोठ्या पुंजक्यांचा, संथ हिमवर्षाव बहुधा शून्याच्या आसपासच होतो. त्या तापमानाला कणांच्या अंगावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, ते एकमेकांना चिकटतात आणि वाटेत त्यांचे पुंजके बनतात.

इथवर झालं बाहेरचं. आता मनाचं.

१९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दरवर्षी हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, उत्तरेकडच्या आखूड दिवसांची सवय नसलेले. आपल्या डोळ्यांत दृष्टीसाठी लागणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्या चित्र घडवण्यापेक्षा भोवती उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवण्याचं काम करतात. त्या घड्याळावर झोप, जाग, भूक, उत्साह हे सगळं बऱ्याच अंशी चालतं. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) असतो. बाहेर ढगाळ दिवशीही दुपारी तो काही हजार लक्सपर्यंत जाऊ शकतो आणि जमीन बर्फाने झाकलेली असली तर त्यात खालून आलेली भर पडते. हिवाळी नैराश्यावर वापरले जाणारे खास दिवे १०,००० लक्सचे असतात आणि रोज सकाळी सुमारे अर्धा तास त्यांच्यासमोर बसायला सांगतात. बर्फातला फेरफटका म्हणजे त्या दिव्याचा पर्याय, असं मी म्हणणार नाही. पण ज्या ऋतूत आपण आपणहून घरात कोंडून घेतो, त्या ऋतूत बाहेर ओढणारी कुठलीही गोष्ट उजेडाच्या हिशेबात आपल्या फायद्याची आहे.

दुसरी गोष्ट लक्ष देण्याची. मिशिगन विद्यापीठातले रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने थकलेल्या मनाबद्दल एक सिद्धांत मांडला. काम, हिशेब, वाहन चालवणं, पडद्यावरचं वाचन यांसाठी लक्ष मुद्दाम एका जागी धरून ठेवावं लागतं आणि त्याने मन शिणतं. याउलट सरकणारे ढग, हलणारी पानं, वाहतं पाणी लक्ष खेचतात, पण जखडून ठेवत नाहीत. पाहता पाहता दुसराही विचार करता येतो, काही चुकण्याची भीती नसते. अशा वेळी ते शिणलेलं लक्ष विसावतं. संथ उतरणारा बर्फ यात चपखल बसतो. हालचाल सतत आहे, पण घाई नाही. प्रत्येक कणाची वाट वेगळी, पण चुकवू नये असं त्यात काही नाही. तासभर बर्फ पाहून उठलेला माणूस ताजातवाना वाटतो, तेव्हा त्याने वेळ वाया घालवलेला नसतो.

आणि लांबलेल्या हिवाळ्याचाही यात हात असतो. सतत समोर असलेली गोष्ट आपल्याला दिसेनाशी होते. काळवंडलेला जुना बर्फ, तीच बोडकी झाडं, तोच रस्ता. नवा बर्फ दोन-तीन सेंटिमीटरच पडला तरी तो सगळ्या ओळखीच्या कडा झाकतो आणि तेच अंगण नव्याने पाहायला लावतो. फेब्रुवारीतल्या बर्फाला पहिल्या बर्फाची नवलाई नसते हे मान्य, पण तोवर त्याची गरज कितीतरी वाढलेली असते.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. तिथली माणसं हिवाळ्यात जितकी खचायला हवीत तितकी खचत नाहीत, हे पाहून मानसशास्त्रज्ञ कॅरी लाइबोविट्झ तिथे राहून अभ्यास करत होत्या. २०२० मध्ये यॉअर विटर्सो यांच्यासोबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांना दिसलं की हिवाळ्याकडे संधी म्हणून पाहणारे लोक आयुष्याबद्दल अधिक समाधानी होते, आणि देशाच्या दक्षिणेपेक्षा उत्तरेकडच्या लोकांत ही दृष्टी जास्त होती. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही. तरी अंधार जिथे जास्त तिथेच हिवाळ्याबद्दलचा जिव्हाळा जास्त, ही बाब विचार करायला लावते.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियातला एक प्रयोग मला फार आवडतो. व्हर्जिनिया स्टर्म आणि सहकाऱ्यांनी वयस्कर माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. निम्म्यांना एवढंच सांगितलं. उरलेल्यांना सांगितलं की चालताना थक्क करणारं, विशाल किंवा नवं काही दिसतंय का ते पाहा. प्रत्येक वेळी सेल्फी काढायचा होता. दुसऱ्या गटातल्यांना आनंदाच्या भावना जास्त जाणवल्या. त्यांच्या सेल्फींतही फरक पडत गेला. चौकटीतली स्वतःची जागा आठवड्यागणिक कमी झाली, भोवतालची वाढली, आणि चेहऱ्यावरचं हसू मोठं झालं. बर्फाचा त्या प्रयोगाशी संबंध नव्हता. पण हलक्या हिमवर्षावात थक्क होण्याजोगं काही शोधायला लांब जावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आठवडेच्या आठवडे मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर बर्फ पाहून ते जाणार नाही, डॉक्टरांकडे जावं. बर्फ पाहूनही काही वाटलं नाही तर त्यात स्वतःला दोष देण्यासारखंही काही नाही. आणि बर्फ उपसायचा असेल तर दमाने घ्यावं, थंडीत एकदम जोर लावणं हृदयाला जड जातं.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात आनंदाचं. गडद रंगाचं लोकरी कापड घ्या, हातमोजा किंवा कोटाची बाहीही चालेल. कापड दहा मिनिटं बाहेर थंड होऊ द्या, नाहीतर कण टेकताच विरघळेल. मग ते पडत्या बर्फात धरा. श्वास त्यावर जाऊ देऊ नका, एका उच्छ्वासाने कण पाणी होतो. लोकरीच्या तंतूंवर तो अलगद अडकतो आणि बाजूंनी मोकळा राहतो, त्यामुळे नीट दिसतो. जवळ साधं भिंग असेल तर मधोमध एक छोटा षटकोन दिसेल, त्याच्या कोपऱ्यांतून निघालेल्या सहा फांद्या, प्रत्येक फांदीला मध्यातून गेलेली उंच रेघ आणि दोन्ही बाजूंना पिसासारख्या उपफांद्या. नीट पाहिलं तर एखादी फांदी आखूड किंवा मोडलेली असते. छायाचित्रांतले बिनचूक कण निवडून घेतलेले असतात.

सहाच का, हा प्रश्न १६११ साली प्रागमध्ये योहानेस केप्लर यांना पडला होता. ग्रहांच्या कक्षा शोधणाऱ्या या माणसाने त्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली, गोळे एकमेकांना खेटून कसे रचले जातात इथपर्यंत विचार नेला, पण उत्तर हाती आलं नाही. ते मिळायला २० वं शतक उजाडलं. क्ष-किरणांनी बर्फाची आतली रचना दिसली तेव्हा कळलं की पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात. सुरुवातीचा सूक्ष्म स्फटिक म्हणून षटकोनी होतो. त्याचे सहा कोपरे दमट हवेत जास्त पुढे आलेले असतात, त्यांना वाफ आधी मिळते, ते वेगाने वाढतात आणि फांद्या फुटतात. सहाही फांद्या एकाच हवेतून एकत्र प्रवास करतात, म्हणून साधारण सारख्या वाढतात.

अमेरिकेतल्या व्हरमाँटचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचं आपलं पहिलं छायाचित्र घेतलं आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक घेतली. जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली होक्काइदो विद्यापीठाच्या थंड प्रयोगशाळेत सशाच्या केसाच्या टोकावर कृत्रिम हिमकण वाढवला. तापमान आणि दमटपणा बदलत त्यांनी कुठल्या हवेत कुठला आकार येतो याचा तक्ताच तयार केला. उणे २ अंशांच्या आसपास पातळ चकत्या, उणे ५ च्या सुमारास सुया आणि पोकळ खांब, उणे १५ च्या आसपास त्या सुप्रसिद्ध सहा फांद्यांच्या चांदण्या.

तेव्हा कापडावर काय पडलं ते पाहून वरच्या ढगाचा अंदाज बांधता येतो. सुया आल्या तर ढगात साधारण उणे ५, चांदण्या आल्या तर उणे १५. खांबाच्या दोन्ही टोकांना चकत्या बसलेल्या सापडल्या, तर तो कण खांब म्हणून वाढायला लागला आणि वाटेत वेगळ्या तापमानाच्या थरात शिरला असं समजावं. अंगावर पांढरे बारीक दाणे चिकटलेले असतील तर तो शून्याखालीही न गोठलेल्या थेंबांच्या ढगातून आलाय, ते थेंब त्याला धडकून जागीच गोठले. एकाच दुपारी हिमकणांचा प्रकार दोन-तीनदा बदलतो, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाने पुन्हा बाहेर जाऊन पाहावं.